गाणं चालू असताना बोलायचं नाही

३ ऑगस्ट १९९८, सोमवार

सहावं हॉटेल. या खेपेला लिस्बन.

आल्फामाच्या चढावर, पायऱ्यांच्या बरोबर मधोमध. खालून येणारा इथं पोचेपर्यंत धापा टाकायला लागतो आणि पहिली खुर्ची दिसेल तीत बसतो. जागा निवडणारा हुशार. नाव 'रडकी कुररी'. पाटीवर समुद्रपक्षी काढलाय, पण दिसतो बदकासारखा.

मालक सेन्होर व्हाल्देमार. काय येतं ते विचारलं नाही, कुठला ते विचारलं. डोंगरापलीकडचा म्हटल्यावर खूश. तिकडची माणसं तोंड कमी उघडतात म्हणे. मग स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन भिंतीवरचं एक बटण दाखवलं.

"ताटं काय, कुणीही नेईल. तुझं खरं काम हे."

जेवणघरातले सगळे दिवे त्या एका बटणावर. त्यानं कानाला हात लावला की मी दिवे घालवायचे. का, ते सांगितलं नाही. आज हॉटेल बंद असतं. उद्यापासून कामावर.

५ ऑगस्ट

कळलं का ते.

पाच नंबरवर नवरा-बायको. दोघांपुढे खारवलेला कॉड, उकडलेले बटाटे. नवऱ्यानं काट्यानं मासा उलटा केला. परत सुलटा केला. बायकोकडे बघितलं. मग मान वर करून मला शोधायला लागला — हात निम्मा वर. मालकानं कानाला हात लावला. मी बटण दाबलं.

अंधार. टेबलांवर नुसत्या मेणबत्त्या. कोपऱ्यात दोन गिटारी सुरू झाल्या. मालक देवळात बोलावं तसं म्हणाला, शांतता, आता फादो होतोय. आणि पडद्याआडून काळी शाल घेतलेली एक बाई येऊन उभी राहिली. दोना फेलिस्मीना.

त्या माणसाचा हात तसाच निम्मा वर. मग हळूहळू खाली आला.

आमच्या देशात माणूस चर्चमध्ये कुजबुजतो, मयतीत कुजबुजतो, कोर्टातसुद्धा खोकत खोकत बोलून घेतो. फादो चालू असताना बोलत नाही. काटा खाली, सुरी खाली, वाढणारा जागच्या जागी खांब. मी लहान असताना रेडिओवरच्या फादोत शिंकलो होतो, तर आजोबांनी मला अंगणात काढलं होतं. जानेवारीत!

एकच गाणं, पण पाच कडव्यांचं. दिवे लागले तेव्हा मासा गार, बायकोचे डोळे ओले, आणि नवरा मालकाचा हात धरून आभार मानत होता. ताट तसंच परत आलं. मी एक तुकडा तोंडात टाकला. थुंकला. मिठाचं ढेकूळ.

आज अकरा वेळा बटण दाबलं.

७ ऑगस्ट

मालकाची शिकवणी. म्हणाला, तक्रार तोंडातून निघायच्या आधी अंगात दिसते. आधी मासा उलटतो. मग बायकोकडे बघतो. बायकोनं मान हलवली की मग हात. तू हाताची वाट बघतोस, ते चूक. बायकोच्या मानेवर लक्ष ठेव.

परदेशी लोकांचं वेगळं. ते अंधारातही कुजबुजतात. पण त्यांना वाटतं, गाणं जेवणाच्या पैशातच धरलंय.

९ ऑगस्ट, रविवार

एवढी माणसं इथं येतात कशाला, हे कोडं आज सुटलं. दाराशी एक छापील पान चौकटीत लावलंय, प्रवासी लोकांच्या पुस्तकातलं. त्यात लिहिलंय, या घराची चव घेतल्याशिवाय लिस्बन सोडू नका. स्वयंपाकी लुद्जेरूनं खरं सांगितलं. अकरा वर्षांपूर्वी मालकाची सासू रांधायची. कुणी लेखक आला, जेवला, खुळावला, लिहून गेला. सासू त्याच हिवाळ्यात वारली. तो परिच्छेद नाही वारला. दरसाल नवीन छापतात. लोक त्या पानात बोट घालून चढ चढून येतात. नाव मोठं, लक्षण खोटं!

आलेला माणूस परत येत नाही. पण जगात माणसं इतकी आहेत, की प्रत्येकजण एकदाच आला तरी सेन्होर व्हाल्देमारच्या नातवंडांची सोय झाली. त्यात यंदा नदीकाठी ते जागतिक प्रदर्शन.

लुद्जेरू फौजेत आचारी होता, आफ्रिकेत. तीनशे लोकांसाठी रांधायचा, एकानं तक्रार केली नाही म्हणतो. मी विचारलं, तिथंही गाणं होतं का? म्हणाला, नाही, तक्रार करणाऱ्याला पुढच्या चौकीवर पाठवायचे.

१२ ऑगस्ट

इथं काम करणारं कुणीही इथं जेवत नाही. सगळे पलीकडच्या टपरीवर सार्डिन खातात. मालकसुद्धा.

१५ ऑगस्ट, शनिवार

सणाची सुट्टी. तुडुंब गर्दी. पोर्तोचा एक वकील आला, सोबत तीन पाव्हणे. सुपात केस निघाला. साधा नाही, लांबलचक, लुद्जेरूचा तर नक्की नाही, त्याला टक्कल आहे. वकील उभाच राहिला. केस चिमटीत, हात उंच. मालकाचा हात कानाला. मी बटण दाबलं.

तो माणूस पाच कडवी तसाच उभा. केस हातात. खाली बसला तर खुर्ची वाजेल म्हणून बसेना. तिसऱ्या कडव्याला हनुवटी थरथरली. शेवटी डोळे पुसले — त्याच हातानं. दिवे लागले. केस कुठं गेला कुणास ठाऊक. तो बसला आणि सूप संपवलं.

मी कोठीत जाऊन पोट धरून हसलो. पण बाहेर आलो तर पडद्यामागं दोना फेलिस्मीना भिंतीला टेकून स्वतःचा गळा चोळत होती. हसू गेलं.

२० ऑगस्ट

आज तिच्याशी बोललो. दिवसा ती खालच्या गल्लीत लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. माझा सदरा घेऊन गेलो होतो. एकसष्ट वर्षांची. नवरा गोदीत होता, गेला.

मी म्हटलं, वरच्या सुरात गेलात की मागं काहीतरी फाटतं, जुनं कापड फाटावं तसं. लोक तिथंच रडतात. कसं करता?

"करत नाही रे पोरा. गाठी आहेत."

मग सगळं सांगितलं. घशात गाठी. डॉक्टरनं सांगितलंय, संध्याकाळी दोन गाणी, वर एक नाही. नाहीतर नाताळापर्यंत आवाज जाईल तो जाईल. हॉटेलात तर अकरा. आणि चोवीस सप्टेंबरला रेडिओत बोलावलंय! तिथला एकजण गल्लोगल्ली फिरून जुन्या गाणाऱ्यांचे आवाज टेपवर भरून ठेवतो. तिला तिच्या आईचं एक गाणं भरायचंय. आई मासे विकताना म्हणायची. आता ते गाणं तिच्याशिवाय कुणाला येत नाही. ती गेली की गाणं गेलं.

मी विचारलं, हॉटेलात कधी ऐकलं नाही ते?

इस्त्री उभी केली. "ते तिथं नाही गात. माशावर नाही गायचं ते."

२१ ऑगस्ट

तिनं रजा मागितली होती, हेही कळलं. मालक म्हणाला, प्रदर्शन संपू दे. नसेल जमत तर या गल्लीत काळ्या शाली खंडीभर आहेत. ती परत पडद्यामागं गेली. या वयात दुसरीकडे कोण उभी करणार?

२२ ऑगस्ट

कानाला हात लागला. मी बटण दाबलं नाही. मालक स्वतः आला, माझ्या अंगावरून हात घालून दिवे घालवले. कानात म्हणाला, "झोप येत असेल तर डोंगरात जाऊन झोप."

बॅग तशीही बांधलेलीच असते माझी. पण मी गेलो म्हणून तिची गाणी कमी होणार नाहीत.

२३ ऑगस्ट, रविवार

विचार केला. शाळा सहावीत सोडली, पण एवढं गणित येतं. तक्रार आली की गाणं. तक्रार नसेल तर गाणं नाही. तक्रार कशाची? मासा खारट, तेल खवट, बटाटे कच्चे. म्हणजे घसा वाचवायचा तर मासा नीट करायला हवा!

डॉक्टरला जमलं नाही ते लुद्जेरूच्या चुलीवर करायचं.

२४ ऑगस्ट, सोमवार

आईला फोन. कॉड कसा भिजवतेस? ती म्हणाली, दोन दिवस, गार पाण्यात, दिवसातून तीनदा पाणी बदलायचं, कातडं वर. आणि कुणाची कोण आहे ती पोरगी? मी म्हटलं, कुणी नाही, एकसष्ट वर्षांची आहे. आईनं फोन ठेवला.

लुद्जेरू किती भिजवतो विचारलं. "धुतो."

२७ ऑगस्ट

मागच्या अंगणात कपडे धुवायची दगडी टाकी आहे. काल बाजारातून बर्फ आणला, मासे टाकले, वर फळी, फळीवर मी. आल्फामातली झाडून सगळी मांजरं भिंतीवर बसली होती. गावात मेंढ्या राखायचो. त्या बऱ्या, पाठीमागून येत नाहीत.

लुद्जेरू आधी चिडला. माझ्या माशाला काय झालं होतं? म्हटलं, काही नाही, श्रेय तुमचं, पाठ माझी. मग नरमला.

२८ ऑगस्ट, शुक्रवार

भिजवलेला मासा आज पहिल्यांदा बाहेर गेला. सहा नंबरवरच्या बाईनं मासा उलटा केला नाही. खाल्ला. बटाटा त्या तेलात फिरवून खाल्ला. पावानं ताट पुसलं.

मालक तीनदा त्या टेबलाजवळून गेला. मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "तिला बरं नाही का?"

गाणी सात.

३० ऑगस्ट

तेल बदललं. जुनं तेल लुद्जेरूनं फेकू दिलं नाही, त्याच्या आठवणी आहेत त्यात. बटाटे नवे. हिरवं सूप आईसारखं — कोबीचं पान दोऱ्यासारखं बारीक चिरायचं आणि शेवटी टाकायचं. हात कापला. गाणी चार.

दोना फेलिस्मीनाला काही सांगितलं नाही. तिला वाटतंय, उन्हामुळं लोक मवाळ झालेत.

५ सप्टेंबर, शनिवार

लक्झेंबर्गला निघालेल्या गाडीत चुलतभावानं माझी जागा धरली होती. फरशा बसवायचं काम, कायमचं. दोन वर्षं त्याच्या मागं लागलो होतो. सकाळी सात वाजता खाली हॉर्न वाजवत होता.

मी गेलो नाही. मासा भिजत होता.

६ सप्टेंबर

अख्ख्या संध्याकाळी एक गाणं! एकच, तेही एका बेल्जियनाला खुर्ची डुगडुगते म्हणून. गिटारवाल्या दोघा भावांतला थोरला, किरीनू, जांभया देत होता. दोना फेलिस्मीना पडद्यामागं स्टुलावर बसून मोजे विणत होती. जाताना म्हणाली, आज घरी जाऊन लिंबूपाणी नको, नुसतं झोपते.

मी पायऱ्या दोन-दोन उतरत गेलो. कुठं जायचं नव्हतं. उगाच.

९ सप्टेंबर, बुधवार

माती!

पोट भरलेला पोर्तुगीज माणूस काय मागतो? गाणं मागतो. हे मला का सुचलं नाही? सेतुबालहून आठजण आले होते. मासा खाल्ला, परत मागवला, वाईन मागवली, खुर्च्या मागं सरकवल्या आणि म्हणाले, घराला गाणारी आहे ना, मग होऊ दे. एक झालं. वा गं बाई! अजून एक. दुसऱ्या टेबलावरून, अजून एक. आता मालकाला कानाला हात लावायची गरजच नव्हती, लोक स्वतःच "दिवे, दिवे" म्हणत होते.

नऊ गाणी. शेवटच्यात ते कापड फाटलं ते दोन कडवी फाटतच गेलं. लोक उभे राहून टाळ्या.

ती आत आली. तोंड उघडलं, आवाज नाही. माझ्या खिशातलं ऑर्डरचं पॅड ओढून घेतलं आणि त्यावर लिहिलं:

"काय खायला घालतोयस त्यांना?"

१० सप्टेंबर

सगळं सांगून टाकलं. टाकी, बर्फ, मांजरं, आई. तिनं ऐकून घेतलं. बोलायचं नाही म्हणून बोलली नाही. माझा पट्टी बांधलेला अंगठा बघितला आणि माझ्या डोक्यात टपली मारली. जोरात.

चौदा दिवस राहिले.

११ सप्टेंबर

मालकही वैतागलाय. लोक उठत नाहीत. आधी एका संध्याकाळी टेबल तीनदा भरायचं, आता एकदाच भरतं आणि तिथंच मुक्काम. बरं जेवण म्हणजे धंद्याचा सत्यानाश, म्हणतो.

आणि आज तर एक माणूस दुसऱ्यांदा आला! अकरा वर्षांत पहिल्यांदा. मालक पांढरा पडला. मला म्हणाला, सरकारी माणूस दिसतोय, तपासणीवाला, नाहीतर परत कोण येतं? त्याच्या टेबलाभोवती घिरट्या घातल्या, वाईन फुकट पाजली. तो बिचारा शेवटी ओशाळून म्हणाला, मला मासा आवडला हो. मालकाचा विश्वास बसला नाही.

१३ सप्टेंबर, रविवार

लुद्जेरूला सगळं सांगितलं. म्हातारा खुर्चीवर नीट बसला, पहिल्यांदाच आचाऱ्यासारखा दिसला.

"वाईट करणं सोपं, चांगलं करणं सोपं. तुला मधलं हवंय. ते फक्त फौजेत शिकवतात."

मासा एकच दिवस भिजवायचा, म्हणजे खारट नाही आणि चवदारही नाही. तेल नवं, पण थोडं. सुपात सॉसेजची चकती घालायची नाही. चकती दिसली की माणूस घरची आठवण काढतो आणि घरची आठवण आली की गाणं मागतो. पाव गरम नको, शिळा नको. मीठ टेबलावर ठेवायचं, म्हणजे चूक त्याची.

मी ऑर्डरच्या पॅडावर सगळं उतरवून घेतलं.

१७ सप्टेंबर

जमलं. आज लोक असे जेवत होते, की जणू बसथांब्यावर उभे आहेत. मासा उलटा नाही केला, ताट पुसलं नाही. आले, जेवले, उठले. दारात एकजण बायकोला विचारत होता, आपण आत्ता काय खाल्लं? तिला सांगता येईना.

दोन गाणी. मालक खूश. टेबलं फिरायला लागली. लुद्जेरूनं मला मिठी मारली. जगात असली हॉटेलं पैशाला पासरी आहेत, आणि मला वाटायचं आपोआप होतात. मागं केवढी मेहनत असते!

२१ सप्टेंबर

तिचा आवाज परत येतोय. आज इस्त्री करताना मला शिव्या दिल्या. स्वच्छ ऐकू आल्या.

२३ सप्टेंबर

आज एकही नाही. एकानं हात वर केला होता. मी धावत गेलो, काय हवं ते विचारलं, ताट बदलून दिलं. किती सोपं आहे! मालकानं बघितलं, कानाकडे निघालेला हात खाली घेतला.

२४ सप्टेंबर, गुरुवार

तिच्यासोबत गेलो. ती एकटी जाईना. रेडिओचं ऑफिस, आत एक खोली, भिंतींना अंड्यांच्या पुठ्ठ्यासारखं काहीतरी. किरीनू आणि धाकटा भाऊ गिटार घेऊन. रेडिओवाला माझ्याच वयाचा, कानांवर हेडफोन.

रेडिओवाल्याला नेहमीचीही हवी होती; ती सहा-सात तिनं आधी थांबत थांबत म्हटली, मग डोळे मिटून आईचं. मासेवालीचं गाणं. सकाळी घाटावर बोट येते, त्यात नवरा नाही, पण मासे आहेत, आणि मासे तर विकायलाच हवेत. एवढंच. वर गेली तेव्हा काही फाटलं नाही. वर गेली आणि तिथंच राहिली.

रेडिओवाल्यानं यंत्र बंद केलं आणि बराच वेळ बटणांकडेच बघत बसला.

परत येताना ती म्हणाली, आता गेला तरी चालेल.

२ ऑक्टोबर

रेडिओवाल्यानं तिला कॅसेट दिली. ती हॉटेलात घेऊन आली, सगळ्यांना ऐकवायला, दुपारी, गिऱ्हाईक नसताना. लुद्जेरूनं चूल बंद केली. मालक खुर्चीवर उलटा बसला. त्याचे डोळे भरले. खोटे नाही, खरे. मी बघितलं.

म्हणाला, एक दिवस ठेवू का, बायकोला ऐकवतो. तिनं दिली. मीही म्हटलं, द्या की.

६ ऑक्टोबर, मंगळवार

पडद्यामागं कॅसेट वाजवायची एक पेटी बसवलीय, दोन भोंगे. दोना फेलिस्मीना आली तर तिचं स्टूल नव्हतं. मालक गोड बोलला. घशाला आता आराम द्या, डॉक्टरांचं ऐका. यंत्राला गाठी होत नाहीत. दोघा भावांनाही निरोप. तिनं कॅसेट मागितली. अस्सल परत दिली त्यानं. नक्कल आत आहे.

ती खालच्या पायरीवर थोडा वेळ बसली. मी शेजारी.

"तेही आहे का त्यात?" तिनं विचारलं. "आईचं?"

आहे म्हटलं.

ती शालीची घडी घालत राहिली. एकदा घातली, मोडली, परत घातली.

मी मासा भिजवला. मी तिचा घसा धुऊन-पुसून दिला. आणि मीच तिला रस्त्यावर आणलं. टाकी रिकामी केली. मांजरं अजून येऊन बसतात.

८ ऑक्टोबर

मासा परत खारट. लुद्जेरू नुसता धुतो. तक्रारी चौदा. प्रत्येकीला दिवे घालवतो, मालक पेटी लावतो, आणि लोक यंत्रापुढे मान खाली घालून बसतात. कोपऱ्यात कुणीच नाही, तरी बसतात. गाणी एकामागून एक फिरतात, त्यामुळं आईचं गाणं आज दोनदा लागलं. एकदा जळक्या बटाट्यांवर. एकदा कशावर ते बघितलं नाही.

९ ऑक्टोबर

चुलतभावाला फोन केला. जागा भरली म्हणाला, वसंतात बघू. बॅग उघडली. सदरे बाहेर काढले. पहिल्यांदाच खिळ्याला टांगले.

११ ऑक्टोबर, रविवार

दोना फेलिस्मीना जेवायला आली. सणाचा झगा, एकटी. चार नंबर. कॉड मागवला. मी कानात म्हटलं, सूप घ्या. म्हणाली, मासा आण.

एक घास खाल्ला. हात वर केला. माझ्या दोन्ही हातांत ताटं, म्हणून मालकानं स्वतःच दिवे घालवले आणि पेटी लावली. नेमकं तिच्या आईचं. काटे खाली. सगळे गप्प.

ती गप्प बसली नाही.

"मासा खारट आहे, व्हाल्देमार." पेटीतल्या स्वतःच्याच आवाजाच्या वर आवाज चढवून, बाजारात बोलावं तशी. "मी गातेय म्हणून काय झालं?"

मग दोन नंबरवरून एक म्हातारा हळूच म्हणाला, पाव शिळा आहे. मग सातवरून. मग खिडकीजवळून.

मी ताटं जमिनीवर ठेवली आणि दिवे लावले.